हातचा एक

डोंबिवली पूर्वेच्या कुठल्याही जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत संध्याकाळी सहाला शिरावं. पहिल्या मजल्यावर एका दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. सत्यनारायण नसतो, साखरपुडा नसतो, आतून रडण्याचा आवाजही येत नसतो. तरीही एवढ्या चपला आहेत म्हणजे तिथे गणिताचे सर राहतात. चपला मोजून दोनाने भागल्या की बॅचचा आकडा मिळतो. उत्तर अपूर्णांकात आलं तर जिन्यावरच्या कुत्र्याला धरायचं, विद्यार्थ्याला नाही, ही सरांनीच घालून दिलेली रीत.

सरांना नाव नसतं. होतं कधीतरी, पण कुठल्याशा वजाबाकीत गेलं. पालकांच्या फोनमध्ये ते ‘मॅथ्स सर’ असतात, खालच्या वाण्याच्या वहीत ‘क्लासवाले’, सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत ‘खोली क्र. ७’ आणि घरात ‘अहो’. विजेचं बिल अजून वडिलांच्या नावाने येतं. बँकेत काउंटरवरून पूर्ण नावाने हाक आली की सर शेजारच्या माणसाकडे बघतात.

‘मी मोठेपणी शिकवण्या घेणार’ असं निबंधात आजवर एकाही मुलाने लिहिलं नसेल. माणूस शिकवण्यांत येतो तो दुसऱ्याच कुठल्या तरी गावाला जाता जाता. सर गणित घेऊन बीएस्सी झाले, तेव्हा त्यांना विमा कंपनीत ॲक्च्युअरी व्हायचं होतं. त्या परीक्षांची फी ऐकून ते बँकेच्या परीक्षांकडे वळले. बँकांनी पाच वेळा मुलाखतीला बोलावलं आणि पाच वेळा ‘कळवू’ म्हणून परत पाठवलं. त्या अजून कळवतायत. मग एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत चिकटले. दोन वर्षांत कारखान्यानेच मान टाकली. आता घरी बसलेला पदवीधर ही चाळीची सार्वजनिक मालमत्ता असते. शेजारच्या काकूंनी ‘रिकामाच आहेस तर आमच्या बाब्याचं गणित बघ जरा’ म्हणत मुलगा आणून समोर बसवला. सहामाहीत पस्तीसच्या अलीकडे अडकलेला बाब्या वार्षिकला बासष्टवर गेला. काकूंनी मोबदला म्हणून चकल्यांचा डबा दिला आणि त्याहून मोलाचं म्हणजे ही बातमी गच्चीपासून गिरणीपर्यंत पोचवली. दिवाळीपर्यंत सात मुलं झाली. डबा परत करायचा राहून गेला. तो आता खडू ठेवायला आहे.

लग्नाच्या बोलणीत मुलीच्या वडिलांनी विचारलं, “करता काय आपण?”

“शिकवण्या घेतो.”

“ते झालंच. पण नोकरी?”

सरांनी त्या क्षणासाठी इतिहास पाठ करून ठेवला होता. धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले, त्याआधी मुंबईत त्यांनी शिकवण्यांचाच आधार घेतला होता. टिळकांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी लॉ क्लास चालवला. म्हणजे लोकमान्यांचाही क्लासच होता, असं सरांनी नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. भावी सासरे म्हणाले, “हो, पण त्यांनी नंतर दुसरंही काहीतरी केलं.”

लग्न झालं. सासऱ्यांनी पुढे स्वतःच्या धाकट्या मुलाला, म्हणजे सरांच्या मेहुण्याला, दहावीला याच क्लासला घातलं. फी दिली नाही. ती हुंड्यात धरली असावी, असं सर म्हणतात.

एकेकाळी शिकवणी लावणं ही लपवायची गोष्ट होती. पोर ‘ढ’ असल्याची ती जाहीर कबुली असे. आता उलट झालंय. क्लास नाही म्हटलं की लोक घरच्या परिस्थितीची हळूच चौकशी करतात. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत देशातली २७ टक्के शाळकरी मुलं खासगी शिकवणीला जात असल्याचं निघालं. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के. डोंबिवलीतल्या कुठल्याही सरांना हा आकडा हास्यास्पद वाटतो. त्यांच्या मते इथली उरलेली मुलं एक तर अजून बोलायला लागलेली नाहीत, किंवा त्यांचे आईवडीलच सर आहेत.

शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी आहे. त्यामुळे शाळेतल्या काही सरांचे क्लास बायकोच्या नावावर असतात आणि बायकोला त्रिकोणमिती येत नसते, हा तपशील इथे पुरे. आपले सर शाळेत कधीच नव्हते. त्यांना कायद्याची भीती नाही, पेन्शनही नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मात्र केंद्राने कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एका रात्रीपुरती सरांची झोप उडाली. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, शिकवणारा निदान पदवीधर असावा, वगैरे. नववी-दहावीची सगळी पोरं सोळाच्या आतली! सरांनी तो इंग्रजी मसुदा शब्दकोश घेऊन, प्रमेय वाचावं तसा वाचला. पहाटे दोनच्या सुमाराला व्याख्येत किल्ली सापडली: पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तरच ते ‘सेंटर’. सरांकडे तेव्हा सत्तेचाळीस होते. एरवी मुलं वाढावीत म्हणून देव पाण्यात घालून बसणाऱ्या माणसाने त्या दिवशी देवाला कोरडं पुसून फडताळात ठेवलं. अजूनही एकोणपन्नासावा विद्यार्थी आला की ते प्रसन्न होतात आणि पन्नासावा आला की त्याच्याकडे संशयाने बघतात.

नव्या पालकांशी पहिली भेट हा एक स्वतंत्र नाट्यप्रकार आहे. आई बोलते, वडील पंख्याकडे बघतात, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चालू असतं तो सतरंजीचा दोरा ओढत असतो. “हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही” हे वाक्य सरांनी इतक्या वेळा ऐकलंय की एखादी आई “तसा मठ्ठच आहे, पण कष्टाळू आहे” म्हणाली असती तर त्यांनी तिला चहा पाजला असता. दुसरं वाक्य “सिली मिस्टेक्स होतात फक्त.” तिसरं, उठता उठता, दारात, आवाज खाली आणून: “जरा पर्सनल लक्ष द्या.” सत्तेचाळीस जणांना पर्सनल लक्ष देण्याचं वचन सर दर जूनमध्ये देतात. नव्वद मिनिटांच्या बॅचला सोळा मुलं धरली तर एकेकाच्या वाट्याला साडेपाच मिनिटांहून थोडी जास्त येतात, हा भागाकार ते पालकांसमोर करत नाहीत.

शिकवायला उभे राहिले की मात्र तो माणूस वेगळा. आधी शर्टाच्या बाह्या दुमडतात, मग खडूचा तुकडा मोडतात. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो आणि अर्धा बोलतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. पांढरा बोर्ड आणि मार्कर आणून झाले, पण शाईचा हात पुसताना सरांना आपण गणित नव्हे, इंजिन दुरुस्त केल्यासारखं वाटायचं. फळा परत आला.

पुस्तकातली गणितं ते डोंबिवलीत आणून सोडवतात. “एक नळ टाकी सहा तासांत भरतो” असं सांगायला लागले, तर गावाकडच्या अंगाला राहणारी एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्याकडे पाणीच अर्धा तास येतं.” तेव्हापासून सरांच्या गणितात नळाच्या जागी टँकर येतो, आणि खालच्या भोकातून टाकी रिकामी होते त्याऐवजी तळमजल्यावरचे शेजारी पंप लावतात. वेगाच्या गणितात कल्याणहून सुटलेली जलद लोकल असते. “ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेगाने...” एवढं होईतो मागून कोणीतरी विचारतं, “सर, पावसाळा आहे का?” समीकरणात पाऊस धरायचा नसतो, असं सरांनी सव्वीस जुलैच्या महापुराच्या आठवड्यातही सांगितलेलं आहे.

मुलांचे प्रकार त्यांनी फार पूर्वी पाडून ठेवलेत. काही उत्तर आधी लिहितात आणि पायऱ्या नंतर, सोयीने, चढवतात. अशा वहीवर सर शेरा मारतात: ‘तू गच्चीवर आहेस हे दिसतंय. जिना कुठाय?’ काही ‘कळलं’ म्हणतात ते सर पुढे सरकावेत म्हणून. यावर सरांचा इलाज ठरलेला आहे. ‘कळलं’ म्हणणाऱ्याला फळ्याशी बोलावून, न कळलेल्याला समजावून सांगायला लावायचं. दहा मिनिटांत दोघांपैकी एकाला तरी कळतं, बहुधा सरांना, की कुठे अडलंय. ओरडणं जवळपास नाही. “बाळा, हातचा घरी ठेवून आलास का?” एवढं म्हणाले तरी पोरगं मान खाली घालून आकडे परत मांडतं. मारणं तर मुळीच नाही. हातात लाकडी पट्टी असते, पण ती रेघेसाठी आणि पाठ खाजवण्यासाठी.

या सगळ्याच्या आड सरांचा एक चोरटा धंदा चालतो.

नव्वद मिनिटांतली ऐंशी बोर्डाची. बीजगणित चाळीस, भूमिती चाळीस, शाळेच्या हातातले वीस. सराव प्रश्नसंच, ‘अपेक्षित’, मागच्या मार्चचा पेपर. उरलेली दहा मिनिटं सर स्वतःसाठी राखून ठेवतात, हातच्यासारखी. त्या दहा मिनिटांत ते ज्याला मार्क नाहीत असं गणित शिकवतात. उघडपणे शिकवता येत नाही, कारण वर्गात एक तरी मूल असतंच जे हात वर करून विचारतं, “सर, हे परीक्षेला येतं का?” पाव-निम्मेसुद्धा खोटं न बोलणारा, फीची पावती रुपयासकट लिहून देणारा हा माणूस इथे बिनदिक्कत थाप मारतो. “हल्ली विचारतात,” म्हणतो. कोण विचारतं, कुठे, हे सांगत नाही.

या दहा मिनिटांचं दैवत म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक. ना संशोधनाची पदवी, ना विद्यापीठाची खुर्ची. मोठे गणिती त्यांच्या आकड्यांना पोरखेळ समजत. सर फळ्यावर लिहितात: कुठलेही चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. ३५२४. उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढे करून बघा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. मुलं आपापले आकडे घेतात, जन्मसाल, पिनचे आकडे (हे सर कटाक्षाने मोठ्याने बोलू देत नाहीत), आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक जण त्याच एका स्टेशनावर येऊन उतरतो. ज्याला एरवी लसावि काढताना जांभई येते तोही सलग सहा वजाबाक्या करतो, आणि वजाबाकी चुकली तर उत्तर येत नाही म्हणून ती स्वतःच तपासतो. सर काही बोलत नाहीत. खिडकीतून बाहेर बघतात.

कापरेकरांना हे १९४९ साली सापडलं. जगाला त्यांची ठळक ओळख झाली ती मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर, म्हणजे शाळेतून निवृत्त झाल्यानंतर तेरा वर्षांनी. आणि सरांच्या अभिमानाचा खरा मुद्दा पुढेच आहे. कापरेकरांनी संख्यांच्या एका कुळाला ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. डेम्लो म्हणजे जी. आय. पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, आताची डोंबिवली. ती कल्पना त्यांना या स्टेशनात सुचली. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, हे देखणे आकडे त्याच कुळातले. डोंबिवली म्हटलं की लोकांना गर्दी, एमआयडीसीचा वास किंवा दिवाळी पहाटेचा फडके रोड आठवतो. सरांना फलाट दिसतो, आणि त्यावर गाडीची वाट बघत आकडे मांडत उभा असलेला एक मास्तर. गर्दीच्या वेळी त्याच फलाटावर उभं राहून सरांनाही काही सुचतं का, असं विचारलं तर ते म्हणतात, “सुचतं. पण हात वर काढता येत नाही.”

२०२५ साल उजाडलं तेव्हा सरांनी क्लासमध्ये पेढे वाटले. पालकांना वाटलं नवा फ्लॅट घेतला. ४५ चा वर्ग २०२५, आणि वीस अधिक पंचवीस पुन्हा ४५, म्हणजे हे वर्ष कापरेकरांचं! पुढचं असं वर्ष ३०२५, तेव्हा आत्ताच खाऊन घ्या, असं सर म्हणाले.

बाकी छंद साधे. हार्मोनियमवर दोन नाट्यपदं येतात, ती दोन्ही एकाच चालीत. रविवारचं शब्दकोडं पेनने सोडवतात आणि अडलं की पेन्सिल शोधतात. रेल्वेचं वेळापत्रक ते कादंबरीसारखं वाचतात. गाड्या त्यात दिल्याप्रमाणे येत नाहीत, म्हणून तर कादंबरी.

सरकारने मात्र गणिताला अधूनमधून दुखावलंय. २०१० साली दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं: सहा विषयांतले उत्तम पाच धरायचे, नको तो सोडायचा. मुंबईत उच्च न्यायालयाने ते रद्द केलं तेव्हा सरांनी देवापुढे नारळ फोडला; महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणलं. नारळ फुटलेलाच होता, त्याची वडी झाली. नको तो विषय कोणता निघणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. “माझ्याच ताटातली वाटी काढून घेतात, आणि वर मुलाला पोटभर जेवलास म्हणतात,” असं ते म्हणत फिरत. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. शहर पेढे खात होतं, सर मात्र वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांना उरलेल्या ०.०५ टक्क्यांना भेटायचं होतं.

२०१९ चा जूनही असाच गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बावन्न’सोबत ‘पन्नास दोन’ असं वाचायला सुचवलं आणि महाराष्ट्रभर टिंगल झाली. सगळ्यांना वाटलं, पावकी-निमकी-औटकी झोपेत म्हणणारा हा माणूस आता पेटणार. सोसायटीच्या सभेत एकाने मुद्दाम विषय काढला. सर शांतपणे म्हणाले, “बावन्न ऐकलं की पोरगं आधी ‘बा’ म्हणून दोन लिहितं, मग पन्नासाचा पाच. झाले पंचवीस. वीस वर्षं मी हे खोडतोय. पुस्तकाच्या समितीवरच्या मंगलाताई नारळीकर बरोबर बोलताहेत.” सभेत शुकशुकाट झाला. मग खजिनदारांनी रंगकामाचा खर्च वाचून दाखवला आणि त्यात दोन आकड्यांची अदलाबदल झालेली सरांनी तिथेच पकडली. पुढच्या सभेपासून विषयपत्रिकेत सरांचं नाव ‘खोली क्र. ७ (हिशेब)’ असं येऊ लागलं.

फ्लेक्सच्या बाबतीत ते जुन्या वळणाचे आहेत, म्हणजे लावत नाहीत. निकालानंतर चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो झळकतात आणि एकच मुलगी तीन क्लासच्या फलकांवर तीन वेगवेगळ्या सरांना श्रेय देत हसत असते. या प्रकाराला सर ‘छेद समान करणे’ म्हणतात.

आणि एक गोष्ट त्यांच्याकडे येणाऱ्या पालकांना सहसा माहीत नसते. त्यांची स्वतःची मुलगी गणिताला दुसऱ्या सरांकडे जाते, रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला. घरी चार दिवस प्रयत्न झाला होता. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, तुम्ही फार लांबवता.” दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “हे परीक्षेला येतं का?” सरांनी सवयीने “हल्ली विचारतात” म्हटलं, आणि जगात एकच व्यक्ती होती जिला ती थाप आहे हे ठाऊक होतं. चौथ्या दिवशी आईने मध्यस्थी केली. आता मंगळवार-शुक्रवार सर तिला सोडायला जातात, त्या दुसऱ्या सरांच्या जिन्यात इतर बापांसारखे पंख्याऐवजी मीटरबॉक्सकडे बघत उभे राहतात. पहिल्याच भेटीत निघताना, दारात, आवाज खाली आणून तेही म्हणाले होते, “जरा पर्सनल लक्ष द्या.”

तिथून परतताना ते स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाला उभे राहतात. रांगेत वेळ जावा म्हणून समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचायची सवय. एमएच ०५ पुढचे चार आकडे घ्यायचे आणि मनात वजाबाकी सुरू करायची. गेल्या शुक्रवारी पुढ्यात २७१८ उभी होती. ८७२१ वजा १२७८ इथपर्यंत सर आले असतील नसतील, तोच चालक आरशातून म्हणाला, “पाच पायऱ्या लागतात सर, मी मोजल्यात. बसा.”

दहा-बारा वर्षांपूर्वीची बॅच. बीजगणितात दोनदा अडकलेला मुलगा. सरांना चेहरा आठवला, नाव आठवेना. पण त्यालाही सरांचं नाव ठाऊक नव्हतं, त्यामुळे हिशेब बरोबर होता. वाटेत तो सांगत होता की गाडी घेताना नंबर बघून घेतला, सहा-सात पायऱ्यांवाला नको होता. सर खिडकी नसलेल्या बाजूने बाहेर बघत होते. उतरताना त्याने पैसे घ्यायला नकार दिला, सरांनी ऐकलं नाही. पन्नासची नोट दिली. सुटे घेऊन जिना चढताना पहिल्या वळणावर ते थांबले, हातावरची नाणी पुन्हा मोजली आणि परत खाली धावले.

दोन रुपये कमी होते.